समुद्र शून्य पूर्णांक सहा

नागावचा बाळाजी जन्मात कधी खोटं बोललेला नाही. हे तो स्वतःच सांगतो, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्याची बायको नूतन यावर एवढंच म्हणते, की खोटं बोलला असता तर निदान पकडता तरी आला असता. बाळाजी खोटं बोलत नाही, तो माप बदलतो.

आता पाटीचंच बघा. नाक्यावरून समुद्राकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक वाकडा माड आहे आणि त्या एकाच माडाला दोन पाट्या ठोकलेल्या आहेत. वरची शेजारच्या चंदरची: ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय, समुद्र ४५० मीटर.’ खालची बाळाजीची: ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय, समुद्र ०.६ कि.मी.’ चंदरची वाडी समुद्राकडे, बाळाजीची तिच्या मागे. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मुंबईहून गाडी हाकत आलेला घामाघूम माणूस चारशे पन्नास वाचतो, मागच्या सीटवरच्या सासूकडे बघतो, आणि त्याची नजर खाली शून्यावर येऊन थांबते. ‘मोठा आकडा दिसला की माणूस दचकतो,’ बाळाजी म्हणतो, ‘शून्यानं सुरुवात झाली की तो चप्पल काढून पाय मोकळे करतो.’ गाडी बाळाजीच्या फाटकात शिरते आणि चंदरच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

लहान दाखवायचं ते किलोमीटरमध्ये आणि मोठं दाखवायचं ते खालच्या मापात, हा त्याचा साधा हिशेब. अंगणातला माड वीस मीटरचा, पण पाहुण्यांना तो ‘दोन हजार सेंटीमीटर’ म्हणून दाखवला जातो आणि पाहुणे माना वर करून तोंडात बोट घालतात. ताटात वाढलेला बांगडा हा ‘दोनशे मिलिमीटरचा’ असतो. बांगडा सगळीकडे तेवढाच असतो हो, पण बाळाजीच्या तोंडून ऐकला की चार घास जास्त जातात. तो स्वतः नाक्यावर गप्पा मारायला निघाला की चप्पल घालता घालता सांगतो, ‘आलोच, शून्य पूर्णांक दोन.’ मग भात निवतो, आमटीवर साय धरते, आणि नूतन दारात उभी राहते. याच्या तोंडी शून्य आलं की काहीतरी लांबणार, एवढं ती संसारात शिकली आहे.

हे वेड त्याला लागलं कुठून, तर शाळेमागच्या तळ्यावर. चौथीच्या वर्गाला गुरुजींनी लांबीची मापं शिकवायची ठरवली. फळ्यावर डोकी चालेनात, म्हणून त्यांनी पोरांना तळ्याच्या पायऱ्यांवर नेलं. सात पायऱ्या, सात पोरं. सगळ्यात वर किलोमीटर म्हणून चंदरला उभं केलं, कारण तो अंगानं थोराड आणि सरपंचाचा पुतण्या. त्याच्या खाली हेक्टोमीटर, डेकामीटर, मग मधोमध मीटर, मग डेसी, सेंटी, आणि पाण्यातल्या शेवाळलेल्या पायरीवर वर्गातला सगळ्यात खुजा, बाळाजी. मिलिमीटर. एक पायरी उतरलं की दहानं गुणायचं, एक चढलं की दहानं भागायचं.

गुरुजींनी मीटरची काठी उंच धरली आणि विचारलं, ‘ही तुझ्या मापात किती?’ चंदर वरून डोकं खाजवत म्हणाला, ‘शून्य पूर्णांक शून्य शून्य एक.’ पोरं फिदीफिदी हसली. मग प्रश्न पायरी पायरी उतरत खाली आला, आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाळाजीनं छाती फुगवून आरोळी ठोकली, ‘हजाऽऽर!’ पुढच्याच क्षणी तो शेवाळावरून घसरून तळ्यात गेला ते सोडा. पण सगळ्यात खालच्या पायरीवरच्या पोराकडे सगळ्यात मोठा आकडा होता. काठी तीच, फक्त उभं कुठं राहायचं ते आपल्या हातात. असलं ज्ञान चौथीत मिळालं की माणूस पुढं फार शिकत नाही. बाळाजीही शिकला नाही. गावातली जुनी माणसं त्याला अजून ‘मिल्या’ म्हणतात आणि त्याला त्याचा राग येत नाही.

हेक्टोमीटर आणि डेकामीटर मात्र त्यानं कधी वापरले नाहीत. लग्नपत्रिकेत ज्यांची नावं असतात पण पंगतीत ज्यांना कुणी पाहिलेलं नसतं, असे ते पाहुणे.

एकदा पुण्याचे एक साहेब उतरले. टापटीप माणूस, बोलणं मोजून, चालणंही मोजून. सकाळी ते फोनवर अंतर लावून पाण्यापर्यंत गेले आणि लालबुंद होऊन परतले. फोन सांगत होता की समुद्र जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे. बाळाजी नारळ सोलत होता. त्यानं कोयता खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, ‘साहेब, मी पुनवेच्या उधाणाला मोजलं, तेव्हा समुद्र शून्य पूर्णांक सहावरच होता. आता ओहोटी हाय, तो गेला मागं. तो जाताना मला विचारून जात न्हाय.’ साहेब म्हणाले, ही फसवणूक आहे. बाळाजी म्हणाला, भरतीला परत मोजा. साहेबांनी दुपारी खरंच परत मोजलं आणि गुपचूप सोलकढी मागितली. पुढच्या हिवाळ्यात ते त्यांच्या मेव्हण्यालाही घेऊन आले.

तर असा हा माणूस. अंतर त्याच्या हातात रबरासारखं. आणि अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं एका मंगळवारी दुपारी, पाहुणे नसताना, ओटीवर बसून सांगितलं की तिला दिघीच्या ओंकारशी लग्न करायचं आहे.

प्रणाली विज्ञान शिकलेली, अलिबागला एका शिकवणीत शिकवायची, आणि घरातलं सगळं आरक्षण तिच्याच फोनवर चालायचं. ओंकार आगरदांडा ते दिघी चालणाऱ्या फेरीबोटीवर गाड्या लावून घ्यायचा. मैत्रिणींबरोबर दिवेआगरला जाताना हिची स्कूटर बोटीच्या फळीवर बंद पडली आणि त्यानं ती ढकलत वर चढवली, एवढ्यावर सुरुवात झाली. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, जातीपातीचं काही आडवं येत नव्हतं. रविवारी त्याची माणसं बोलणी करायला येतो म्हणत होती. बाळाजीनं फक्त ‘या’ म्हणायचं होतं. त्यानं ‘नको’ म्हटलं असतं तर प्रणाली भांडली नसती. ती गप्प बसली असती, आणि तिचं गप्प बसणं कसं असतं ते बाळाजीला पुरतं माहीत होतं.

‘दिघी,’ बाळाजी म्हणाला. त्याचे ओठ हलायला लागले. तो पायऱ्या उतरत होता. ‘पन्नास किलोमीटर. म्हणजे पन्नास हजार मीटर. म्हणजे...’ तो थेट तळ्याच्या तळाशी गेला. ‘पाच कोटी मिलिमीटर! पाच कोटी लांब मुलगी द्यायची? आणि वर खाडी?’

नूतननं कपाळावर हात मारला. प्रणाली मात्र त्याचीच मुलगी होती.

‘बाबा, मेगामीटरमध्ये शून्य पूर्णांक शून्य पाच.’

‘कशात?’

‘मेगामीटर. किलोमीटरच्या वरचं माप. हजार किलोमीटरचा एक मेगामीटर.’

बाळाजी उठून उभा राहिला. ‘किलोमीटरच्या वर पायरी हाय?’

‘आहे की.’

‘म्हणजे चंदर सगळ्यात वर नव्हता?’ त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. तो चप्पल शोधायला लागला, ही बातमी आत्ताच्या आत्ता चंदरच्या कानावर घालायची होती. एक चप्पल पायात गेल्यावर त्याला आठवलं की आपण रागावलेलो आहोत. मग तो पुन्हा बसला आणि म्हणाला, ‘ते काय बी असो. मी आधी डोळ्यांनी बघणार.’

गुरुवारी त्यानं जुनी ओम्नी काढली आणि नूतनला शेजारी बसवलं. रेवदंड्याचा पूल गेला, काशीदचा चढ गेला, मुरूड गेलं. एरवी गाडीत तोंड बंद न ठेवणारा माणूस आज मैलाचे दगड वाचत होता आणि प्रत्येक दगडाला उसासा टाकत होता. नूतन खिडकीबाहेर बघत होती. आगरदांड्याच्या धक्क्यावर बोट लागलेली होती आणि फळीच्या तोंडाशी एक सडपातळ, उन्हानं रापलेला तरुण हात हलवत होता. त्यानं ओम्नीचा नंबर ओळखला, क्षणभर गडबडला, आणि पुन्हा हात हलवायला लागला. कामाच्या वेळी सासरा असला तरी तो गाडीच असतो.

‘येऊ द्या काका, येऊ द्या... डावीकडं... येऊ द्या... बस!’

बाळाजीनं ब्रेक दाबला, काच खाली केली आणि परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ‘पुढं साखळीपर्यंत किती राहिलं?’

ओंकार वाकला. ‘एक वीत.’

‘सेंटीमीटरमध्ये?’

‘वीसेक.’

‘आणि मिलिमीटरमध्ये?’

‘दोनशे. पण काका, कशात बी मोजा, गाडी आता पुढं जाणार न्हाय.’

नूतनला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. बाळाजी गाडीतून उतरला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला. बोट सुटली. गाड्या लावून झाल्यावर ओंकार हात पुसत त्याच्याजवळ आला. खाडीवर ऊन चकाकत होतं आणि मागं आगरदांडा हळूहळू लहान होत चालला होता.

बाळाजीनं जाळं टाकलं. ‘नागाव तुम्हाला किती लांब वाटतं?’ त्याला उत्तर माहीत होतं. मुलगी मागायला आलेला कुठलाही पोरगा ‘जवळच हाय’ म्हणणार. तो स्वतः तेच म्हणाला होता. आणि पोरानं ‘जवळच’ म्हटलं की बाळाजी पाच कोटी काढून त्याच्या तोंडावर फेकणार होता.

‘लांब हाय, काका,’ ओंकार म्हणाला.

बाळाजीचे पाच कोटी हातातच राहिले. ‘लांब?’

‘व्हय, लांब. रस्ता वळणाचा, वर ही खाडी, आणि शेवटची बोट चुकली की धक्क्यावर बसायचं. लांबच हाय. तिला आठवण येणार, मी खोटं कशाला बोलू?’

‘मग?’

‘मग वार ठरवायचा. माझी सुट्टी बुधवारी. बुधवारी पहिल्या बोटीनं निघायचं, नागावला मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. लांब हाय म्हणूनच म्हणतो. आमची ताई हिथं आगरदांड्याला दिलीय, बघा, तो मागं धक्का. रोज तिच्या दाराशी बोट लावतो मी. आणि जवळच हाय, उद्या जाऊ, परवा जाऊ करत गणपतीपासून तिच्या घरी पाय ठेवलेला न्हाय. जवळचं माणूस असंच राहून जातं.’

एवढं बोलून तो निघून गेला, कारण धक्का आला होता आणि फळी टाकायची होती. बाळाजीनं वळून नूतनकडे पाहिलं. ती कठड्याला धरून पाण्याकडे बघत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

दिघीत ओंकारच्या आईनं चहा दिला, आग्रह केला, तळलेल्या तांदळाच्या बोरांची पिशवी बांधून दिली. घर साधं, स्वच्छ, दारात तुळस आणि कडेला उलटी घातलेली होडी. नावं ठेवायला बाळाजीला काहीच सापडलं नाही आणि त्यामुळे त्याची आणखी पंचाईत झाली. परतीच्या वाटेवर काशीदचा चढ उतरला. मग नूतन म्हणाली, ‘अहो, रेवस किती लांब हाय?’

रेवस म्हणजे नूतनचं माहेर. सवयीनं बाळाजीचं तोंड उघडलं. ‘तीस किलोमीटर. म्हणजे शून्य पूर्णांक शून्य तीन मेगा...’

आणि तो अर्ध्यावर थांबला.

‘लग्न ठरवताना तुम्ही माझ्या बाबांना हेच सांगितलंत,’ नूतन म्हणाली. आवाज चढवला नव्हता, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं सांगत होती. ‘जवळच हाय, मनात आलं की येईल म्हणालात. मनात रोज यायचं. पण जवळ हाय म्हणून घाई न्हाय, आणि घाई न्हाय म्हणून आज पाहुणे, उद्या सुपारी उतरवायची. आई फोनवर विचारते, कधी येतेस? मी पण म्हणते, जवळच तर हाय, येईन. बाबा गेले तेव्हा धावत गेलो, तेवढंच.’

पुढं एसटी होती, ती बाळाजीनं ओलांडलीही नाही. आयुष्यभर पाहुण्यांना समुद्र जवळ आणून दिला, आणि घरातल्या बाईचं माहेर तेवढ्याच सफाईनं जवळ आणून तिच्यापासून काढून घेतलं. हे त्याला कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. सरळ लाज वाटली, तिला त्या वेळी कुठलंही माप लावता आलं नाही.

घरी आल्यावर प्रणाली फाटकात उभी होती. ती काही विचारणार त्याआधीच बाळाजी म्हणाला, ‘लांब हाय, पोरी.’

तिचा चेहरा पडला. ‘बाबा, शून्य पूर्णांक...’

‘गप. शून्य न्हाय आणि कोटी न्हाय. लांब हाय म्हणजे लांब हाय. मला करमणार न्हाय. रोज संध्याकाळी तुझा आवाज येणार न्हाय आणि मी नाक्यावर बी जाणार न्हाय, इतकं करमणार न्हाय.’ त्यानं गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं. ‘रविवारी येऊ दे त्यांना. आणि त्या पोराला सांग, बुधवार चुकला तर मी बोटीवर येऊन बसेन.’

प्रणालीनं त्याला मिठी मारली. नूतन पिशवी घेऊन आत गेली. आत जाऊन ती बराच वेळ नाक शिंकरत होती.

लग्न वाडीतच झालं. चंदर सहकुटुंब आला, मनापासून राबला, पंगतीत आग्रहानं वाढत फिरला. तो जिलबी वाढत असताना बाळाजीनं त्याला गाठलंच. ‘चंदर, एक सांगायचं राहिलं. किलोमीटरच्या वर मेगामीटर असतो. तू सगळ्यात वर नव्हतासच!’ चंदरनं जिलबीचं ताट खाली ठेवलं. त्यानं थोडा विचार केला आणि शालू सावरत बसलेल्या नवरीलाच विचारलं, ‘प्रणाली, मिलिमीटरच्या खाली काय असतं गं?’ नवरी हसली. ‘मायक्रोमीटर, काका. एका मीटरचे दहा लाख.’

‘दहा लाख?’ बाळाजी बोटांवर शून्यं मोजायला लागला. त्याच्या एका हजाराची ती अवस्था बघून चंदरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘म्हणजे मिल्या, आपण दोघं मधल्याच पायऱ्यांवर होतो की रे.’ मग दोघं इतके हसले की भटजींनी वळून पाहिलं.

लग्नानंतरच्या आठवड्यात माडावरची खालची पाटी बदलली. आता तिच्यावर लिहिलं आहे: ‘समुद्र: भरतीला जवळ, ओहोटीला लांब.’ चंदर म्हणतो, या पाटीपुढं आपली पाटी साफ पडली, कारण लोक गाडी थांबवून तिचे फोटो काढतात. मुलगी गेली, पण मिल्याचं नशीब गेलं नाही.

सोमवार उजाडला. पाहुणे गेले होते, वाडी रिकामी होती, आणि प्रणालीच्या खोलीचं दार नुसतंच उघडं होतं. नूतननं सकाळीच भाताचं आधण ठेवलं. बाहेर पाण्याचा आवाज आला म्हणून ती दारात आली. बाळाजी ओम्नी धूत होता.

‘कुठं?’

‘रेवसला.’

‘आज काय हाय तिथं?’

‘तुझी आई हाय.’

नूतन उंबऱ्यातच उभी राहिली. ‘मग भात टाकू का? दुपारपर्यंत येऊच की परत.’

बाळाजीनं फडकं पिळलं आणि काचेवर ठेवलं. ‘दुपारपर्यंत कसं येणार?’ तो म्हणाला. ‘लांब हाय. मुक्काम करावा लागंल.’

नूतननं आत जाऊन गॅस बंद केला आणि दोघांचे कपडे पिशवीत भरायला घेतले.